डॉक्टरांची सभा आणि रोग्यांची फिर्याद

अमेरिकेतील शिकागो शहरी दरवर्षी जून महिन्यात डॉक्टरांची एक मोठी सभा भरते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे हे वार्षिक अधिवेशन. सुमारे सातशे प्रतिनिधी तीत बसतात; कोणी आपल्या राज्याच्या वैद्यकीय संघटनेच्या वतीने, कोणी शल्यकर्म, हृदयरोग, बालरोग अशा एखाद्या शाखेच्या वतीने, तर कोणी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वतीने. ठराव मांडले जातात, उपसूचना येतात, भाषणे झडतात, मते मोजली जातात आणि काही दिवसांनी जो तो आपापल्या दवाखान्यात परततो. वरकरणी पाहता हा एका व्यवसायाचा घरगुती कारभार. परंतु या सभेच्या निर्णयांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत अमेरिकेतील कोट्यवधी रोग्यांचे नशीब घडवले आहे, तसे बिघडवलेही आहे; आणि ज्याच्या नशिबाचा निवाडा तेथे होतो, त्या रोग्याला मात्र त्या सभागृहात मत नाही.

सातासमुद्रापलीकडच्या या सभेची चर्चा आम्ही पहिल्या पानावर का करावी, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन आहेत. पहिले असे की, मराठी मध्यमवर्गाचा आणि अमेरिकेच्या वैद्यकविश्वाचा संबंध आजचा नाही. ही संघटना १८४७ साली फिलाडेल्फिया येथे जन्मली. १८७६ साली त्याच शहरी भरलेल्या तिच्या सभेत सेरा हॅकेट स्टीव्हन्सन या पहिल्या स्त्री प्रतिनिधीने आसन घेतले. आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८६ च्या मार्च महिन्यात, त्याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आमच्या आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. आज तर तेथील रुग्णालयात ज्यांचा मुलगा, सून किंवा पुतणी काम करते अशी घरे पुण्यामुंबईत पावलोपावली सापडतील. जून २०२५ मध्ये या संघटनेच्या अध्यक्षपदाची सूत्रे डॉ. बॉबी मुक्कमला यांनी हाती घेतली; भारतीय वंशाचे ते तिचे पहिलेच अध्यक्ष.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. डॉक्टरांची कोणतीही संघटना, मग ती शिकागोची असो वा सोलापूरची, एकाच अंगावर दोन अंगरखे घालून वावरत असते. एक अंगरखा व्यावसायिकाचा. त्याला फी, कर, कायदे आणि कामाचे तास यांची चिंता. दुसरा वैद्यधर्माच्या रक्षकाचा; त्याला रोग्याच्या जिवाची चिंता. दोन्हींचा रंग जुळतो तोवर प्रश्नच उद्भवत नाही. तो विसंवादी झाला की, कोणता अंगरखा अंगावर ठेवायचा आणि कोणता खुंटीला टांगायचा, याचा निर्णय वार्षिक सभेत होतो. अमेरिकन सभेचे दप्तर जुने आणि तपशीलवार असल्यामुळे या निर्णयांचा इतिहास त्यातून स्वच्छ वाचता येतो. तो वाचून आम्ही ज्या निष्कर्षास आलो, तो आरंभीच सांगून टाकतो. पदरचे काही द्यावे लागत नाही तेव्हा ही सभा दोन दिवसांत न्याय करते. आणि पदरमोड करावी लागते तेव्हा तिला वीस वर्षे लागतात, कधी शंभरही लागतात.

कारभाराची घडी

सभेच्या रचनेत दोष काढावा असे प्रथमदर्शनी फारसे काही नाही. प्रत्येक ठराव आधी विषयवार नेमलेल्या समितीकडे जातो. समितीची सुनावणी खुली असते. संघटनेचा कोणीही सभासद, तो प्रतिनिधी असो वा नसो, तेथे उभा राहून आपले म्हणणे मांडू शकतो. सर्वांचे ऐकून घेतल्यावर समिती शिफारस लिहिते: ठराव मान्य करावा, दुरुस्तीसह मान्य करावा, फेटाळावा, किंवा अधिक अभ्यासासाठी विश्वस्त मंडळाकडे पाठवावा. ज्या शिफारशींविषयी कोणाचाच आक्षेप नसतो, त्या एकगठ्ठा मंजूर होतात. ज्याला वाद घालावयाचा असेल तो आपला ठराव गठ्ठ्यातून बाहेर काढतो आणि मग त्यावर भर सभेत चर्चा होऊन मते पडतात. वैद्यकीय नीतीचा विचार करणारी एक स्वतंत्र परिषद आहे. तिचे अहवाल सभेने स्वीकारावेत, नाकारावेत किंवा परत पाठवावेत. परस्पर बदलू मात्र नयेत, असा दंडक आहे. नीतीच्या वाक्यात मतांच्या बळावर काना-मात्रेचाही फेरफार होऊ नये, ही त्यामागील दृष्टी आम्हांस आदरणीय वाटते.

अहवाल वाचला असे समजून मंजूर करायचा आणि चहा निवत चालला म्हणून आयत्या वेळचे विषय गुंडाळायचे, अशा वार्षिक सभांची ज्यांना सवय आहे, त्या आमच्यासारख्यांना या कार्यपद्धतीचा हेवा वाटल्यास नवल नाही. परंतु घडी कितीही चांगली असली तरी तीत कापड कोणते आहे, हेही पाहावे लागते. 'अधिक अभ्यासासाठी परत' ही शिफारस म्हणजे कधी खरोखर अभ्यास असतो, तर कधी ठरावाचे सभ्य दफन असते. शिवाय जेथे सभा सार्वभौम, तेथे तज्ज्ञही तिच्यापुढे नमतो. जून २०१३ मध्ये स्थूलता हा रोग मानावा काय, असा प्रश्न आला. संघटनेच्याच विज्ञानविषयक परिषदेचा सल्ला प्रतिकूल होता. तो बाजूस सारून सभेने स्थूलता हा रोग असल्याचे मान्य केले. या निर्णयाने रोग्याला उपचाराचा विमा मिळण्याची वाट सुकर व्हावी आणि डॉक्टरालाही काम मिळावे, असा दुहेरी लाभ होता. दोन्ही अंगरख्यांचा रंग येथे जुळत होता. म्हणून हात चटकन वर झाले.

रंग जुळत नाही तेव्हा काय होते, ते आता पाहू.

अठ्ठ्याण्णव वर्षे

१८७० साली या संघटनेची सभा वॉशिंग्टन येथे भरली. यादवी युद्ध संपून पाच वर्षे झाली होती आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली होती. राजधानीत तेव्हा डॉक्टरांच्या दोन संस्था होत्या. एकीत फक्त गोरे. दुसरीत काळे आणि गोरे एकत्र. दोघींनीही आपले प्रतिनिधी पाठवले. सभेने पहिल्या संस्थेच्या प्रतिनिधींना आसने दिली आणि दुसरीच्या प्रतिनिधींना दाराबाहेर ठेवले. एवढ्यावर न थांबता, या निर्णयाशी वर्णाचा काही एक संबंध नाही, असेही त्याच सभेने ठरावाने जाहीर करून टाकले! चार वर्षांनी तर हा प्रश्नच अंगावरून झटकण्यात आला: कोणत्या स्थानिक संस्थेला मान्यता द्यावी हे ज्या त्या राज्याच्या संघटनेने ठरवावे, असा नियम झाला. दक्षिणेतील राज्यांना आणखी काय हवे होते? अन्याय करण्याची जबाबदारी खाली सोपवली की वरच्या सभेचे हात स्वच्छ राहतात, ही युक्ती जगातील अनेक मध्यवर्ती संस्थांना परिचित आहे.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. पुढे अनेक ठिकाणी असे झाले की, जिल्ह्याच्या संघटनेचा सभासद असल्यावाचून डॉक्टराला रुग्णालयात आपला रोगी दाखल करता येईना. म्हणजे सभासदत्व नाकारले की रुग्णालय बंद, आणि रुग्णालय बंद झाले की काळ्या डॉक्टराचा रोगीही बाहेर. काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली अटलांटा येथे आपली निराळी राष्ट्रीय संघटना काढली, ती हौसेने नव्हे. मूळ संघटनेने १९०६ पासून प्रसिद्ध केलेल्या डॉक्टरांच्या नामसूचीत काळ्या डॉक्टरांच्या नावापुढे त्यांच्या वर्णाची खूण छापली जात असे, आणि ही प्रथा तीन दशकांहून अधिक काळ चालली. वर्णभेद करणाऱ्या शाखांना काढून टाकण्याचा अधिकार घेणारी घटनादुरुस्ती सभेने केली ती १९६८ मध्ये. तीही, आधीची काही वर्षे तरुण डॉक्टरांनी सभास्थानाबाहेर फलक घेऊन निदर्शने केल्यावर आणि देशाचा नागरी हक्कांचा कायदा होऊन चार वर्षे लोटल्यावर. १८७० ते १९६८, अठ्ठ्याण्णव वर्षे! या साऱ्याबद्दल संघटनेने जाहीर क्षमायाचना केली ती जुलै २००८ मध्ये. तिने ती मागितली, स्वतःचे दप्तर स्वतः तपासून मागितली, हे तिला भूषणावह आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या डॉक्टरांची सारी हयात दाराबाहेर गेली, त्यांतील बहुतेक तोवर जग सोडून गेले होते.

तंबाखूचे एक कोटी डॉलर

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी धूम्रपानावरील आपला प्रसिद्ध अहवाल जाहीर केला. सिगारेट हे पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असे त्यात निःसंदिग्ध शब्दांत म्हटले होते. एवढ्या पुराव्यानंतर डॉक्टरांच्या संघटनेने रणशिंग फुंकावे, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. घडले ते निराळे. त्याच वर्षी सहा तंबाखू कंपन्यांनी संघटनेच्या संशोधन प्रतिष्ठानाला एक कोटी डॉलर देऊ केले आणि ते स्वीकारले गेले. 'अधिक संशोधन' सुरू झाले. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापण्याच्या सरकारी प्रस्तावालाही संघटनेने तेव्हा विरोध दर्शविला. वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला विरोध करण्यासाठी तिला तंबाखू पिकवणाऱ्या राज्यांतील लोकप्रतिनिधींची मते हवी होती, असा आरोप त्या वेळी झाला. आरोप बाजूस ठेवला तरी तारखा बोलतात. संघटनेच्या निधीतील तंबाखू कंपन्यांचे शेअर विकण्यास १९८१ साल उजाडले. तंबाखूच्या सर्व जाहिरातींवर बंदी घालावी, असा ठराव प्रतिनिधींच्या सभेने केला तो डिसेंबर १९८५ मध्ये. अहवालापासून ठरावापर्यंत जवळजवळ बावीस वर्षे. तोवर एक पिढी सिगारेट ओढीत म्हातारी झाली होती. ज्यांना म्हातारपण लाभले त्यांची ही गोष्ट.

वृद्धांचा विमा

तिसरे उदाहरण पैशाचेच, पण सरळ. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना पुढे रेटली, तेव्हा डिसेंबर १९४८ मध्ये प्रतिनिधींच्या सभेने प्रत्येक सभासदावर पंचवीस डॉलरची पट्टी बसवली आणि त्या पैशातून योजनेविरुद्ध देशभर प्रचाराची मोहीम उघडली. प्रचाराचे काम एका व्यावसायिक कंपनीला दिले होते. 'समाजवादी वैद्यक' हा बागुलबुवा घरोघर पोहोचला आणि ट्रूमन यांची योजना बारगळली. १९६१ मध्ये वृद्धांपुरत्या विम्याची कल्पना पुढे येताच एक ध्वनिमुद्रिका काढण्यात आली. आपल्याकडे हळदीकुंकवाला जमावे तशा डॉक्टरांच्या पत्नी शेजारणींना कॉफीसाठी बोलावीत आणि ही तबकडी ऐकवीत. तीवरचा आवाज होता रोनाल्ड रेगन या चित्रपटनटाचा, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

एवढे करूनही ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पुढे काय झाले? डॉक्टर देशोधडीला लागले नाहीत. उलट ज्या म्हाताऱ्यांची फी बुडत असे ती आता सरकारकडून नियमित मिळू लागली. आणि आणखी एक गोष्ट घडली. ज्या रुग्णालयात वर्णभेद पाळला जाईल त्याला मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही, अशी अट होती. त्या अटीपुढे १९६६ मध्ये सुमारे हजार रुग्णालयांनी काही महिन्यांत काळ्यागोऱ्यांच्या निराळ्या वॉर्डांची भिंत पाडली. जे या सभेला शतकभरात जमले नाही, ते तिने ज्याला प्राणपणाने विरोध केला त्या कायद्याने एका उन्हाळ्यात करून दाखविले.

आज चित्र पालटले आहे. २०२५ मध्ये मेडिकेअरने डॉक्टरांच्या मोबदल्यात २.८३ टक्क्यांची कपात केली, तेव्हा तिच्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज याच संघटनेचा होता. मेडिकेअरचे दर महागाईशी निगडित करा, ही आता तिची अग्रक्रमाची मागणी आहे. ज्या झाडावर कुऱ्हाड उगारली त्याच्याच सावलीची आता तिला काळजी लागली आहे. यात आम्ही उपहास करीत नाही. मागणी रास्तही असेल. परंतु १९४८ साली पंचवीस डॉलरची पट्टी बसविणाऱ्या सभेला रोग्याच्या गरजेपेक्षा स्वतःच्या भीतीचा आवाज मोठा ऐकू आला, एवढे तरी त्यावरून दिसते.

एकाच शासकीय विम्याखाली सर्व नागरिकांना आणण्याचा वाद पुन्हा जून २०१९ च्या शिकागो अधिवेशनात आला. अशा योजनेला असलेला संघटनेचा विरोध मागे घ्यावा, असा प्रस्ताव विद्यार्थी प्रतिनिधींच्या पुढाकाराने आला होता. बाहेर परिचारिका आणि विद्यार्थी घोषणा देत होते. ५३ विरुद्ध ४७ टक्के मतांनी प्रस्ताव पडला. योजना चांगली की वाईट, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. आम्हांस लक्षणीय वाटतात ते त्या ४७ टक्क्यांत बसलेले तरुण डॉक्टर. १९४८ च्या सभेत असा आकडा कल्पनेतही आला नसता.

तत्परता कोठे दिसली?

आता दुसरी बाजू. १२ जून २०१६ रोजी ऑर्लँडो शहरातील एका नृत्यगृहात एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांचे प्राण घेतले. डॉक्टरांचे अधिवेशन तेव्हा शिकागोत चालूच होते. दोन दिवसांच्या आत सभेने ठराव केला की, बंदुकीचा हिंसाचार हे सार्वजनिक आरोग्यावरील संकट आहे, आणि या विषयावरील संशोधनाला सरकारी पैसा मिळण्यातील अडथळा दूर व्हावा म्हणून संघटना झटेल. २०१९ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने या संशोधनासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले.

तसाच प्रसंग जून २०२५ मध्ये आला. अधिवेशन भरलेले असतानाच, ९ जूनला, आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी लसीकरणाविषयी सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या सर्व सतरा सदस्यांना एका फटक्यात काढून टाकले. दुसऱ्याच दिवशी सभेने तातडीचा ठराव करून हा निर्णय मागे घेण्याची आणि सिनेटने त्याची चौकशी करण्याची मागणी केली. सत्तेवर असलेल्या मंत्र्याला असे तोंडावर सांगण्यास धैर्य लागते, आणि त्याबद्दल आम्ही या सभेचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. गोवर आणि पोलिओ यांना पक्ष नसतो. त्यांच्या विरुद्ध बोलणाऱ्यालाही तो नसावा.

मात्र दोन्ही पारडी समोर ठेवली की आरंभी सांगितलेला निष्कर्ष टाळता येत नाही. बंदुकीविरुद्धचा ठराव दोन दिवसांत. लसीविषयीचा एका दिवसात. तंबाखूविरुद्धचा बावीस वर्षांत. स्वतःच्या घरातील वर्णभेदाविरुद्धचा अठ्ठ्याण्णव वर्षांत. पहिल्या दोन ठरावांनी कोणाही डॉक्टराच्या उत्पन्नातला एक डॉलर किंवा प्रतिष्ठेतला एक कण कमी होत नव्हता. दुसऱ्या दोहोंनी होत होता. बुद्धी, ज्ञान, पुरावा हे सारे चारही प्रसंगी सारखेच हाताशी होते. फरक होता तो केवळ किमतीचा.

यावर कोणी म्हणेल की, संघटना ही सभासदांच्या वर्गणीवर उभी असते. तिने सभासदांचे हित पाहिले यात गैर काय? काहीच नाही. विमा कंपन्या, औषध कंपन्या, रुग्णालयांचे मालक आणि सरकार या चौघांच्या कात्रीत सापडलेल्या डॉक्टराला संघटनेचा आधार नसेल तर त्याचा रोगीही निराधारच होईल. रात्रपाळीने पिचलेला डॉक्टर रोग्याला धोकादायक असतो. आमचा आक्षेप हित पाहण्याला नाही. आपल्या हिताला रोग्याच्या हिताचे नाव देऊन सभेत मांडण्याला आहे. १९४८ च्या प्रचारात असे कोठेही म्हटले नव्हते की आमच्या फीचे काय होईल याची आम्हांला धास्ती आहे. म्हटले होते ते असे की, रोगी आणि डॉक्टर यांचे पवित्र नाते धोक्यात आहे. नाते पवित्र असेल तर त्याला वकीलपत्र दोघांचेही हवे.

आणखी एक गोष्ट कारभाराच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील बहुसंख्य डॉक्टर या संघटनेचे सभासद होते. आज त्यांचे प्रमाण पाव हिश्शाच्याही खाली गेले असल्याचे अंदाज आहेत. असे असूनही तिची तिजोरी रिकामी नाही. प्रत्येक उपचाराला एक संकेतांक देण्याची पद्धत तिने १९६६ मध्ये सुरू केली. डॉक्टरांची बिले आज याच संकेतांकांवर चालतात, त्यांचा स्वामित्वहक्क तिच्याकडे आहे, आणि त्यापासून मिळणारे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीहून कितीतरी मोठे आहे. ज्या संस्थेचे पोट सभासदांवर अवलंबून नाही तिच्या चालकांना सभेचा धाक किती राहणार? १९९७ मध्ये याचे प्रत्यंतर आले. सनबीम या घरगुती उपकरणे बनविणाऱ्या कंपनीच्या मालावर संघटनेचे नाव छापू देण्याचा करार चालकांनी परभारे केला. लोकांत एकच गहजब उडाला, करार मोडावा लागला, आणि पुढच्या वर्षी कंपनीला ९९ लाख डॉलर भरपाई देऊन सुटका करून घ्यावी लागली. वार्षिक सभा कितीही शिस्तीने चालली तरी उरलेले दिवस चालकांचेच असतात, हा त्यातील धडा.

आपल्या अंगणात

हा धडा शिकागोपुरता नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन ही १९२८ साली कलकत्त्यात स्थापन झालेली आपली संघटना. साथींच्या काळात तिच्या सभासदांनी जीव धोक्यात घालून केलेली सेवा कोणी विसरू नये. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरीही हल्ले थांबले नाहीत. कोलकात्यात कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टर महिलेची निर्घृण हत्या झाल्यावर १७ ऑगस्ट २०२४ रोजी या संघटनेने चोवीस तासांचा देशव्यापी बंद पुकारला, त्यामागील संताप न्याय्यच होता.

परंतु तिच्याही दप्तरात दुसरी पाने आहेत. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येऊ नये म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात लढली आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी हरली; रोग्याला दाद मागण्याची सोपी वाट मिळाली ती तिच्या ठरावाने नव्हे, तिच्या पराभवाने. २००८ मध्ये एका कंपनीच्या फळांच्या रसावर आणि ओट्सवर आपले नाव छापू देण्याचा व्यवहार तिनेही केला. शिकागोच्या घटनेला अकरा वर्षे झाली होती, पण पुढच्याला लागलेली ठेच मागच्याच्या कामी आली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, औषधे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ नावाने लिहावीत, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढला, तेव्हा औषधांच्या दर्जाची हमी कोण देणार, असा प्रश्न तिने उपस्थित केला. प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच महिन्यात नियम स्थगित झाला आणि दर्जाची हमी मागण्याचा जोरही त्याबरोबर ओसरला. रुग्णालयांची नोंदणी व नियमन यांसाठी केंद्राने २०१० मध्ये केलेल्या कायद्याला डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध राहिला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. १९४९ च्या जुन्या कायद्याच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रोग्यांच्या हक्कांची सनद रुग्णालयात लावणे बंधनकारक झाले. ती सनद आपल्या नेहमीच्या रुग्णालयाच्या भिंतीवर आहे काय, हे वाचकांनी पुढच्या खेपेस अवश्य पाहावे.

मग करावे काय? डॉक्टरांच्या सभांनी आपले हित सोडावे, असा भाबडा उपदेश आम्ही करणार नाही. आमच्या सूचना तीन आणि साध्या आहेत. प्रत्येक ठरावाखाली, त्यापासून सभासदांचा काय लाभ अथवा तोटा होईल, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे; लाभ असणे हे पाप नव्हे, तो लपविणे हे आहे. वर्गणीखेरीज संघटनेला कोठून कोठून पैसा येतो, याचा तक्ता वार्षिक सभेपुढे आणि तिच्यामार्फत जनतेपुढे ठेवला जावा. आणि सभेत मत नसले तरी बोलण्याचा हक्क असलेली काही आसने रोग्यांच्या प्रतिनिधींना द्यावीत. अमेरिकेच्या सभेत बदल घडला तो बाहेर फलक घेऊन उभ्या राहिलेल्यांमुळे आणि आत बसलेल्या विद्यार्थ्यांमुळे. फलकवाल्याला खुर्ची दिली, तर शंभर वर्षांचे काम दहा वर्षांत होईल.

वैद्याला देवाच्या ठिकाणी मानण्याची आपली जुनी रीत आहे. आम्हांस ती फारशी मानवत नाही. देवाकडे हिशेब मागता येत नाही, आणि डॉक्टराकडे तो मागता आला पाहिजे. डॉक्टर देव नसेना का, तो सज्जन आणि जाणता माणूस असला तरी रोग्याचे भागते. अशी माणसे या व्यवसायात एकेकटी शेकडोंनी भेटतात. मध्यरात्री दार ठोठावले तर उठतात, फी राहू द्या म्हणतात. प्रश्न एवढाच की, हीच माणसे सभागृहात एकत्र बसली म्हणजे त्यांच्यातील तो एकट्याचा सज्जनपणा कोठे जातो? पुढच्या वार्षिक सभेत मतासाठी हात वर करण्यापूर्वी प्रत्येक प्रतिनिधीने दवाखान्यात शेवटी तपासलेल्या रोग्याचा चेहरा क्षणभर आठवावा. त्या चेहऱ्यापुढेही जो ठराव टिकेल, तोच मंजूर करावा.